रावेर तालुक्यात सगळीकडे आबा

बाईंनी मला भाडेकरू म्हणून दहापैकी साडेचार गुण दिले होते. तेही पहिल्याच दिवशी, माझी पेटी जिन्यावरून वर पोचायच्या आत. एक गुण कापला तो फाटक उघडं ठेवल्याबद्दल. बाकीचे कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. "वाढायला जागा ठेवली आहे," एवढंच म्हणाल्या.

धुळ्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि मी देवपुरात त्यांच्या वरच्या खोलीत सहा वर्षं राहिले. बाई चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, काटक, कायम पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत पुरुषी काळी छत्री. लग्न केलं नव्हतं. "विचारायला दोघंजण आले होते, पण दोघांनाही रेघ सरळ काढता येत नव्हती," असं त्या सांगत. खरं खोटं त्या आणि ते दोघे जाणोत.

गुण देणं हा त्यांचा श्वास होता. भाकरीला गुण, उन्हाला गुण, खांबावर चढणाऱ्या वायरमनला खालून ओरडून गुण. दहापैकी दहा मात्र कुणालाच नाहीत. शिरपूरच्या रस्त्यावरच्या एका निंबाला त्यांनी नऊ दिले होते आणि त्या झाडाविषयी त्या जवळच्या नातेवाइकासारखं बोलत. मी हळूहळू सातावर पोचले होते. पण एकदा दूध उतू गेलं, तेव्हा पुन्हा सहावर आले.

शाळेत त्यांचं सगळं आयुष्य एका चित्राशी भांडण्यात गेलं. निसर्गचित्र काढा म्हटलं की पोरं दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीवर वाकलेला नारळ. बाई वही उचलून शांतपणे विचारत, "हा नारळ धुळ्यात कुठे पाहिलास? पत्ता दे, मी संध्याकाळी बघून येते." तीस वर्षं विचारलं. नारळ काही हटला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि निवृत्तीनंतर तोच नारळ दुसऱ्या वेषात त्यांच्या घरी आला. त्यांचा भाचा नोकरीला बंगळुरूला गेला, तेव्हा आपला कॉम्प्युटर आणि विमान उडवायच्या खेळाची दांडी मावशीकडे ठेवून गेला. जाण्याआधी मोठ्या कौतुकानं त्यानं मावशीला पडद्यावरच्या धुळ्यावरून फिरवून आणलं. बाईंनी पाहिलं तर लळिंगच्या किल्ल्यावर बर्फाळ देशातली टोकदार झाडं. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंना उतरत्या लाल छपरांचे साहेबी बंगले. पांझरेला काठोकाठ निळं पाणी. बाई एरवी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, पण राग आला की थेट अहिराणीवर उतरत. "हाई धुये शे? मन्हं धुये? बठ्ठं खोटं शे!"

भाच्यानं समजावलं की खेळ बनवणाऱ्यांनी सगळं जग एकाच साच्यातून काढलंय. ज्याला आपला मुलूख खरा हवा असेल त्यानं तो स्वतः तयार करावा आणि वरून बसवावा. जगभर हौशी लोक हे करतात. त्याला सीनरी म्हणतात. हा शब्द ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला म्हणे.

पण त्या खऱ्या पेटल्या त्या एका वेगळ्याच गोष्टीमुळे, आणि ती त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. दोंडाईच्याच्या बाजूला त्यांचं गाव. भाच्याला त्यांनी विमान तिकडे न्यायला लावलं. गाव होतं. गावाबाहेरची त्यांची वस्ती मात्र नव्हती. विहार नाही, हातपंप नाही, चाळीस घरं नाहीत. नुसतं सपाट गवत. मी म्हटलं, "बाई, परदेशात बसलेल्या माणसाला काय माहीत?" त्या हसल्या. "अगं, गावातल्या माणसांना तरी कुठे माहीत होतं!" पडद्यावरच्या खान्देशातलं पहिलं घर त्यांनी त्या वस्तीत बांधलं, त्यांच्या आईचं. दाराला निळा रंग, समोर दगडी पाटा. तालुके, जिल्हे, सातपुडा हे सगळं त्यानंतर.

विमान उडवणं त्यांना पुरतं येत नसे. उडायचं जमे, उतरायचं नाही. प्रत्येक फेरी कुणाच्या तरी कपाशीत जाऊन संपे आणि बाई निवांतपणे चहाचा कप उचलत. मी एकदा म्हटलं, शिकून घ्या ना. "उतरायचं कशाला? बघून झालं की बंद करायचं," त्या म्हणाल्या.

घरांच्या भिंती त्या फोटोवरून चढवत, आणि फोटोत सावली चालत नसे. म्हणून आभाळ भरून आलं की सगळं धुळं कपडे आत घ्यायला धावे आणि बाई कॅमेरा घेऊन बाहेर पडत. "ताई, तुमची ती चादर काढता का जरा? भिंत झाकली जाते." भिंतीचा फोटो म्हटल्यावर लोकांना नगरपालिकेचा वास येई. एका गल्लीत बायकांनी त्यांना अर्धा तास अडवून ठेवलं होतं, घरपट्टी वाढवायला आलीय म्हणून. शेवटी त्यातलीच एक त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली आणि तिनं ओरडून सांगितलं, "अगं, सोडा त्यांना. या आपल्या नारळवाल्या बाई!"

रंगाच्या बाबतीत कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. जातील तिथली चिमूटभर माती त्या रिकाम्या आगपेटीत भरून आणत. वर गावाचं नाव. घरी आल्यावर खिडकीशी बसून पडद्यावरचा रंग आणि आगपेटीतला रंग जुळवत. साक्रीची तांबूस माती, शिरपूरची काळी, नदीकाठची राखाडी. स्वयंपाकघराच्या फळीवर अशा शंभरेक आगपेट्या होत्या. मी नवीन असताना गॅस पेटवायला म्हणून एक उघडली आणि अमळनेर सगळ्या ओट्यावर सांडलं. त्या दिवशी किती गुण गेले ते विचारू नका.

माझं आणि त्यांचं खरं सूत जुळलं ते माझ्या एका उद्धटपणामुळे. मी रावेर तालुक्यातली. घरची केळी. एका रविवारी बाई मला बोलावून कौतुकानं माझा तालुका दाखवायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, ही केळी नाही. ही मेथी आहे. दहापैकी दोन." बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासायला घेतली. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आता खोली शोधा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. बाई बूट घालून, छत्री घेऊन उभ्या. "रजा टाक. रावेरला जायचंय."

आमच्याकडे लग्नाची शूटिंग करणारा एकजण आहे, चाळिशीचा, फार बोलका. त्याचा ड्रोन आम्ही ठरवला. आमच्या बागेवरून त्यानं तो फिरवला, बाई खालून "अजून वर, अजून डावीकडे" करत राहिल्या. आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे होते. डोक्यावर टोपी, ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर आडवा हात. आपल्या केळीवरून काय फिरतंय ते बघत होते. झालं, एवढंच.

पंधरा दिवसांत पडद्यावर खरी केळी उगवली. फाटक्या पानांची, गर्द, मधे मधे पिवळट. मला घरची आठवण आली आणि मी आठ गुण दिले. बाईंनी तो सगळा तालुका जगभरच्या हौशी लोकांसाठी इंटरनेटवर टाकला. महिन्याभरानं कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्या हौशी माणसाचं पत्र आलं. त्याचा मजकूर असा, की आपला प्रदेश फार सुंदर आहे, पण बांधाबांधावर उभे राहून विमानाला सलाम करणारे हे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ कोण?

आम्ही विमान खाली आणून पाहिलं. आबा. दोनशे पावलं पुढे गेलो. आबा. सावद्याच्या रस्त्यावर आबा, भोकर नदीच्या काठावर आबा, रेल्वेच्या रुळाला लागून आबा. बाईंनी एका बागेचा चौकोन घेऊन फरशा बसवाव्यात तसा साऱ्या तालुक्यात बसवला होता आणि त्या चौकोनाच्या कोपऱ्यात हात आडवा धरून आबा होते. मी पोट धरून हसत होते. बाई हसत नव्हत्या.

"मी न बघता काढलं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांना ओरडले आणि स्वतः काय केलं? नारळच काढला." त्यांनी स्वतःला शून्य दिलं. वहीत लिहून दिलं.

दुरुस्त करून टाकू म्हणेपर्यंत इकडे व्हायचं ते झालं होतं. शूटिंगवाल्यानं खेळातल्या विमानातून दिसणाऱ्या रावेरचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. गाव खूश. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि गाव आणखी खूश. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "इतक्या जागी उभा हाये म्हन्ता, तरी पाय कसे दुखत न्हाई माहे?" पण त्याच संध्याकाळी मला काकांचा फोन आला.

काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. त्यांचं वावर आमच्याला लागून. मधला बांध दोन हात सरकलाय असं दोघांचंही म्हणणं, फक्त कुणी आणि कुणाकडे सरकवला यावर दोघांत नऊ वर्षं अबोला. भांडण दोघांचं, माझ्याशी काकांचं काही नव्हतं. राखी पौर्णिमेला मी चुलत भावाकडे जाई तेव्हा काका स्वतः दारापर्यंत सोडायला येत. पण चुलत बहिणीच्या लग्नात आबा मांडवाच्या बाहेर उभे राहिले, तिथूनच अक्षता टाकल्या आणि न जेवता परतले. ते मी पाहिलेलं आहे, आणि ते मला कधी विसरता आलेलं नाही.

"पोरी, तुह्या त्या बाईले ईचार," काका फोनवर तापले होते, "माह्या वावरात तुह्या बापाले कोन उभं केलं? आता आभायातूनबी त्याचाच बांध का? मोजनीचा अर्ज टाकतो मी. हे चित्र जोडतो संगं. होऊन जाऊ दे एकदा."

आमच्या बाजूला मोजणी आली की मागून कोर्ट येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि कोर्ट एकदा आलं असतं तर त्या दोघांच्या हयातीत संपलं नसतं. अबोला निदान सुटू शकतो, अशी आशा मी धरून होते. तारखा सुरू झाल्यावर तीही गेली असती. मी बाईंपुढे बसून रडले. बाईंना बाकीचं काही कळलं नाही, पण एक गोष्ट त्यांना फार लागली. "माझं चित्र घेऊन माणूस कचेरीत जाणार? आणि ते चित्र तिथे खोटी साक्ष देणार?" त्यांनी बूट घातले.

काकांच्या ओट्यावर बाई बसल्या नाहीत. काकूंनी पुढे केलेला चहा घेतला नाही. "आधी चूक कबूल करते, मग चहा," म्हणाल्या. "तुमच्या वावरात तुमचे भाऊ उभे नव्हते. मी न पाहता त्यांना तिथे ठेवलं. आठ दिवसांत साऱ्या तालुक्यातून काढते. ते खरोखर उभे होते त्या एका जागी फक्त राहतील."

काका भांडायच्या तयारीनं बसले होते. समोरच्यानंच कबुली दिली. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. कातरता कातरता म्हणाले, "मंग माह्या वावरात कोन राहीन?"

"कुणी नाही."

"कुनी न्हाई कसं?" काका उसळले. "तो तिकडे उभा राहीन साऱ्या जगासमोर, अन् माहं वावर मोकयं? मी काय मेलो का?"

"तुम्ही उभे राहिलात तर तुम्ही दिसाल," बाई म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. दोघांच्या सावल्या एकसारख्या पडल्या पाहिजेत. त्यासाठी दोघांनी एकाच वेळी उभं राहायला हवं, एकाच फोटोत."

मी बाईंकडे पाहिलं. एखादी सावली पुसायला बाईंना दोन मिनिटं लागतात, हे मी रोज बघत होते. बाई माझ्याकडे न बघता चहाकडे वळल्या, एक घोट घेतला आणि काकूंना म्हणाल्या, "सात. साखर कमी चालली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आबा आपल्या बाजूला, काका आपल्या बाजूला, मधे तो बांध. दोघांनी धुतलेली टोपी घातलेली. दोघांची तोंडं दोन दिशांना. ड्रोन वर गेला आणि शूटिंगवाल्याला सवयीनं कंठ फुटला. "थोडं जवळ या... भाऊ, अजून जवळ... या बाजूचे पाहुणे आत सरका... हासा जरा, हासा!" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे लग्न नाही. दोघं एकेक पाऊल सरकले. हसलं कुणी नाही. वाऱ्यानं केळीची पानं वाजत होती आणि बाई छत्री टेकून उभ्या होत्या.

काकांनी नजर तिरकी करून आबांकडे पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांना राहवेना.

"दादा," ते म्हणाले. नऊ वर्षांनी. "टोपी सरय कर ना. साऱ्या जगात तशीच वाकडी जाईन."

आबांनी गडबडून टोपीला हात लावला आणि ती आणखी वाकडी केली. काका चरफडले, "तुले कधी जमलं हाये का!" असं काहीतरी म्हणाले, बांध ओलांडून तरातरा आले आणि भावाच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून सरळ केली. आबा लहान पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. मला पुढचं नीट दिसलं नाही, माझे डोळे भरून आले होते.

शूटिंगवाल्यानं ड्रोन खाली आणला, छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. वरून चेहरे कुणाचेच दिसत नव्हते. बांधाच्या एका बाजूला मोकळी जागा आणि दुसऱ्या बाजूला, आबांच्या वावरात, एकमेकांना चिकटलेल्या दोन टोप्या.

बाईंनी चष्मा वर केला. "पुन्हा काढावा लागेल," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही बांध ओलांडून यांच्या वावरात आलात. हा असाच गेला तर सगळ्यांना तुम्ही तिथेच दिसाल. आणि मी आता न बघितलेलं काही काढणार नाही."

काकांनी पडदा हातात घेतला, उन्हाला आडवा हात धरून कितीतरी वेळ बघितला. मग शूटिंगवाल्याला परत दिला.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "उभा होतो न मी तठी. राहू द्या."

मोजणीचा अर्ज काकांनी टाकला नाही. माझी पुढे जळगावला बदली झाली. बाई धुळ्यातच आहेत, सध्या तोरणमाळचा घाट काढताहेत आणि दर रविवारी फोनवर माझ्या आवाजाला गुण देतात. आबा आणि काका बांधावरून अजून भांडतात. पण आता बांधावरच समोरासमोर उभे राहून भांडतात, आणि चहा कुणाच्या घरून येणार ते आधी ठरवून घेतात.